जुन्या वूफरची कडा आणि तिच्यामागचा इतिहास

जुन्या वूफरची, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरची, जाळी काढावी आणि कोनाभोवतीची (हलून आवाज काढणाऱ्या शंकूभोवतीची) फोमची कडा बोट लागताच भुरभुरून खाली पडावी, हे जुने स्पीकर जपणाऱ्यांनी हमखास पाहिलेले असते. कंपनीने हलका माल वापरला, असेच आधी मनात येते. पण ती कडा मऊ ठेवण्यामागे पक्का विचार होता, आणि तो कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

हलत्या कॉइलच्या (चुंबकात हलणाऱ्या, कोनाला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याच्या) स्पीकरचा आजचा साचा १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडला. कोन पुढेमागे मोकळा हलायचा, तर त्याला बाहेरच्या सांगाड्याशी जोडणारे काही लवचीक हवेच. सुरुवातीच्या अनेक स्पीकरांत पातळ चामड्याची पट्टी असे. पुढे कागदी कोनाच्याच काठाला वळ्या पाडू लागले. हे काठ टिकले, कारण त्यांना फार ताण नव्हता. खर्ज हवा असेल तर मोठी पेटी नाहीतर भोंगा लागे, कोन स्वतः थोडाच हले.

हे चित्र १९५४ मध्ये बदलले. अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरली आणि हेन्री क्लॉस यांच्यासोबत अकूस्टिक रिसर्च (एआर) ही कंपनी काढून एआर-१ हा स्पीकर आणला. त्यात कोनाला परत खेचण्याचे बरेचसे काम हवा करते, त्यामुळे कडा अगदी सैल असावी लागते. शिवाय पेटी लहान, म्हणून कोनाला लांबवर हलावे लागते. मऊ, रुंद, अर्धगोल कडेची गरज इथे निर्माण झाली. एआरने आधी कापड वापरले आणि हवा निसटू नये म्हणून त्यावर चिकट लेप दिला.

साठच्या दशकाच्या अखेरीस फोम आला. तो हलका, साच्यात सहज घडणारा, आणि कोनाच्या काठापर्यंत पोचलेले कंपन परत न पाठवता जिरवणारा. आवाजासाठी खरोखर उत्तम निवड होती ती! क्लॉस यांच्या १९६९ च्या अ‍ॅडव्हेंट या स्पीकरला फोमच होता. एआरचा एआर-३ए देखील कापडावरून फोमवर गेला.

दोष रसायनात होता. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले बंध हवेतल्या बाष्पाने तुटत जातात, प्राणवायू आणि ऊन त्यात भर घालतात. दहा-वीस वर्षांत कडा चिकट होते किंवा तिचा भुगा होतो, स्पीकर न वाजवता खोक्यात ठेवला तरीही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे जास्तच जाणवते. पुढे अनेकांनी ब्यूटाइल रबर घेतले. ते टिकते, पण वजनाला जड.

कडा गेली की पूर्वी बहुधा सगळा कोनच बदलत. तयार फोमच्या रिंगा मिळू लागल्यावर मूळ कोन आणि कॉइल वाचवता येऊ लागली, आणि माझ्या मते जुन्या स्पीकरसाठी याहून चांगली गोष्ट घडली नाही. जुना फोम आणि डिंक खरवडायचा, डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) काढून कॉइलच्या फटीत पातळ पट्ट्या सरकवायच्या, कोन बरोबर मध्यावर धरायचा, मग नवी रिंग चिकटवायची. काहीजण कॅप न काढता अगदी खालच्या पट्टीचा सूर लावून कॉइल घासत नाही ना, ते ऐकतात.

फोमच्या जागी ‘कायमचे’ म्हणून जाड रबर बसवू नये. कडा ताठ झाली की कोनाचा अनुनाद, म्हणजे ज्या सुराला तो सहज कंप पावतो तो सूर, वर सरकतो, आणि ज्या खर्जासाठी ती पेटी बांधली तोच आखडतो. सुरुवातीच्या एआरच्या कापडी कडा तर फाटल्या नसतील तोवर काढूच नयेत. बंद पेटीतला कोन हातांनी अलगद आत दाबून सोडावा. तो सावकाश परत आला तर कडा ठीक आहे. झटकन आला, तर हवा निसटते आहे. पेटीचे सांधे पक्के असतील तर कापडावर नव्या लेपाचा एक पातळ हात पुरतो.