अर्ध्या मैदानाचा खेळ

बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क मैदानाची मधली रेषा ओलांडते, दोन पावलं पुढे येते आणि तिथूनच चेंडू फेकते. तो थेट जाळीत. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या या मुलीचे असले व्हिडिओ एव्हाना सगळीकडे फिरून झालेत. पण तिच्या जन्माच्या नऊ वर्षं आधीपर्यंत त्याच राज्यातल्या कितीतरी शाळांमध्ये मुलींना ती मधली रेषा ओलांडायलाच मनाई होती.

हे समजायला थोडं मागे जावं लागतं. डिसेंबर १८९१मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल सुरू केला. तिथून जवळच नॉर्दम्प्टनला स्मिथ कॉलेज होतं, मुलींचं. तिथल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी पुढच्याच वर्षी हा खेळ मुलींना शिकवायला घेतला. मात्र नियम बदलून. मैदानाचे तीन भाग, प्रत्येकीने आपल्याच भागात राहायचं; चेंडू हिसकावायचा नाही; तीन सेकंदांपेक्षा जास्त हातात धरायचा नाही; टप्पे तीनच. धावपळ मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही ही त्या काळातली समजूत यामागे होतीच. पण एकटीनेच सगळा खेळ खेळू नये, चेंडू सगळ्यांकडे फिरावा, हाही हेतू होता. तो मला आजही चुकीचा वाटत नाही.

तिकडे न्यू ऑर्लिन्समध्ये क्लारा बेअर यांनीही मुलींसाठी नियम छापले, १८९५मध्ये. नाइस्मिथ यांनी पाठवलेल्या आकृतीतल्या तुटक रेषा म्हणजे हद्दी आहेत असं त्या समजल्या, असा किस्सा सांगतात. आपल्याकडे शाळेत नेटबॉल खेळलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. इंग्लंडला पोचलेल्या मुलींच्या बास्केटबॉलमधूनच नेटबॉल घडला, आणि कोणी कुठल्या भागात जायचं याची आखणी त्याने आजतागायत सोडलेली नाही.

अमेरिकेत १९३८पासून तीनाऐवजी दोन भाग झाले आणि संघ सहा जणींचा. बास्केट करणाऱ्या तीन फॉरवर्ड एका अर्ध्यात, समोरच्यांना अडवणाऱ्या तीन गार्ड दुसऱ्या अर्ध्यात. आयोवाच्या खेड्यांत हा सहा जणींचा खेळ असा काही मुरला की विचारू नका. राज्यस्तरीय स्पर्धा १९२०पासून सुरू होती. १९२५मध्ये शाळांच्या क्रीडा संघटनेने मुलींच्या स्पर्धा बंद करायचं ठरवलं, तेव्हा छोट्या गावांतल्या शाळांच्या मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि फक्त मुलींसाठी संघटना काढली. परिणाम उलटाच झाला: मोठ्या शहरांतल्या शाळांनी मुलींचे सामने गुंडाळले आणि खेड्यांतल्या मुली मात्र दरवर्षी राजधानी डे मॉइनच्या भरगच्च सभागृहात अंतिम सामना खेळू लागल्या.

प्रत्यक्ष खेळ कसा चालायचा? एका बाजूने बास्केट केली की चेंडू पुन्हा मध्यावर, आता समोरच्यांच्या फॉरवर्डकडे. दोनच टप्पे मारायची मुभा. त्यामुळे फॉरवर्डला दोन टप्प्यांत जागा काढून नेम साधायचा असे, दिवसभर तेच. आणि त्या वेळी तिच्याच संघातल्या तीन गार्ड पलीकडच्या अर्ध्यात उभ्या राहून बघत असत. गुणांचे आकडे त्यातूनच फुगत. १९६८च्या राज्य स्पर्धेत डेनिस लाँग या मुलीने एका सामन्यात १११ गुण केले. त्याच वर्षी अंतिम सामन्यात तिचे ६४ आणि प्रतिस्पर्धी संघाच्या जीनेट ओल्सनचे ७६. जिंकला डेनिसचा संघ, जादा वेळेत. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीत, तिचं नाव पुकारलं. प्रसिद्धीचा भाग म्हणून का होईना, पण पुकारलं.

गार्डचं काय? ती चार-चार वर्षं खेळायची आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू फेकायची नाही. याची बोच लागली १९७२च्या ‘टायटल नाइन’ या कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, एवढंच त्यात म्हटलं होतं. पण त्यामुळे मुलींसाठी कॉलेजच्या क्रीडा शिष्यवृत्त्या येऊ लागल्या. १९७१-७२मध्ये देशभरात हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. कॉलेजांनी १९७१मध्येच पाच जणींचा, पूर्ण मैदानाचा खेळ स्वीकारला होता. १९७६मध्ये माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉल आला, तोही अर्थात पाच जणींचाच. मग आयुष्यात कधी शॉट न मारलेल्या गार्डला कोण घेणार? टेनेसीतल्या एका शाळकरी गार्डने नेमका हाच मुद्दा घेऊन कोर्टात धाव घेतली. खालच्या कोर्टात ती जिंकली, वरच्या कोर्टात हरली. पण वारं फिरलं होतं. आयोवाने आधी मोठ्या शाळांना पाच जणींची मोकळीक दिली आणि १९९३मध्ये सहा जणींचा खेळ थांबवला. ओक्लाहोमाने १९९५मध्ये.

त्या काळाची हळहळ आयोवात अजून ऐकू येते, आणि ती निव्वळ जुनं ते सोनं या थाटाची नाही. गावातल्या प्रत्येक पोरीच्या हाती चेंडू यावा, तिच्या सामन्याला गाव लोटावं, हे त्या अर्धवट नियमांनी करून दाखवलं होतं. प्रेक्षक त्यामुळेच तयार होते. १९८५च्या फेब्रुवारीत आयोवा विद्यापीठाच्या महिला सामन्याला २२ हजारांहून अधिक लोक आले, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. गावकऱ्यांना वाटलं नसावं.

क्लार्कची घडण वेगळी. लहानपणी तिच्या वयाच्या मुलींसाठी संघ सापडेना म्हणून वडिलांनी तिला मुलांच्या संघात घातलं. पुढे क्लब, मग अमेरिकेचे वयोगटाचे संघ. २०२१च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात ती सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्या हातातला चेंडूही निराळा, पुरुषांच्या चेंडूपेक्षा साधारण एक इंच कमी परिघाचा. अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो १९८४पासून आहे. शिवाय डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या नियमांनुसार अमेरिकन मुलीला साधारणपणे २२ वर्षांची होईपर्यंत किंवा चार वर्षांचं कॉलेज होईपर्यंत व्यावसायिक ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. पुरुष खेळाडू एका वर्षात कॉलेज सोडून जातात. क्लार्क चार वर्षं एकाच गावात, आयोवा विद्यापीठाच्या एकाच संघात खेळली आणि लोकांना आपली वाटू लागली. ३ मार्च २०२४ला तिने पीट मॅराविच या पुरुष खेळाडूचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३,६६७ गुणांचा विक्रम मोडला, तो एका फ्री थ्रोवर, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीवर.

त्या दिवशी तिच्या बाकावर दोघी होत्या, मुख्य प्रशिक्षक लिसा ब्लूडर आणि त्यांच्या सहायक जॅन जेन्सन. दोघीही शाळेत सहा जणींचा खेळ खेळलेल्या. जेन्सन फॉरवर्ड होत्या. १९८७च्या हंगामात त्यांची सरासरी सामन्यामागे ६६ गुणांच्या आसपास होती. त्यांची आजी १९२१ची राज्य स्पर्धा खेळलेली. ब्लूडर निवृत्त झाल्यावर २०२४च्या मे महिन्यात संघाची सूत्रं जेन्सन यांच्याकडे आली.