बंदुकीचा धक्का कमी करायचाय? आधी खांदा घेऊन या

घरात कोणी नव्याने नेमबाजी सुरू केली, की दुकानात एकच मागणी येते: "मागे जाडसं रबर लावून द्या, फार मारते." रबर आम्ही लावतोच, पण त्याच दिवशी नाही. का, ते वाचून आलात तर तुमची एक फेरी वाचेल.

बंदूक येते, माणूस येत नाही

सगळ्यात जास्त वेळ यात जातो. बंदूक दुकानात आणि ती खांद्याला लावणारी व्यक्ती घरी. "उंची पाच-दोन आहे, अंदाजाने करा" असं सांगितलं जातं. अंदाजाने दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा लाकडी भाग, कापता येत नाही, आणि कापलेलं लाकूड जोडलं तरी जोड कायम दिसतो.

चापापासून दस्त्याच्या मागच्या बाजूच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे दस्त्याची लांबी. बहुतेक बारा बोअर बंदुकांत (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप; आकडा मोठा, तेवढी नळी अरुंद) ती साडेचौदा इंचांच्या आसपास असते. लहान चणीच्या व्यक्तीला बऱ्याचदा साडेतेरा पुरते. तिच्या बंदुकीला न कापता इंचभर रबर चिकटवलं की लांबी होते साडेपंधरा. मग दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतच नाही, दंडावर टेकतो. नळीचं वजन पुढे ओढतं म्हणून नेमबाज कमरेतून मागे झुकतो, आणि त्या अवस्थेत बार उडाला की तोल जातो. मऊ रबर लावून बंदूक जास्त लागायला लागली, अशी तक्रार येते ती यामुळे. बाजारातले दस्त्यावर चढवायचे रबरी मोजे तात्पुरते ठीक, पण तेही लांबी वाढवतात हे विसरू नका.

कोपराच्या खोबणीत दस्ता धरून बोट चापाला पोहोचतं का, हे बघण्याची पद्धत फक्त ढोबळ अंदाजाची. आम्ही रिकामी बंदूक खांद्याला लावून, गाल टेकवून बघतो: नाक आणि अंगठा यांत साधारण दोन बोटं अंतर हवं. कपडेही रेंजवर घालता तेच हवेत. ग्वाल्हेरच्या जानेवारीत स्वेटरवर घेतलेलं माप मे महिन्यात आखूड भरतं.

डाग कुठे पडलाय?

सरावानंतर अंगावर निळा डाग पडला असेल तर तो कुठे आहे ते नीट बघून या, किंवा फोटो काढून आणा. आमचं निम्मं काम तिथेच होतं.

डाग दंडावर: दस्ता लांब आहे, किंवा खांद्याच्या बाहेर धरला जातोय. गळ्याच्या हाडावर: बंदूक फार वर किंवा फार आत लागतेय. छातीत खालचं टोक रुततंय: दस्त्याच्या मागच्या कापाचा कोन चुकलाय. स्त्रियांना हा त्रास जास्त होतो, आणि खालचं टोक थोडं बाहेर वळवून, कोन बदलून तो जातो. त्याला जाड रबर हा इलाज नाही. गालफडावर मार: गाल टेकतो ती धार उंच आहे, किंवा इतकी खाली आहे की गाल अधांतरी राहतो आणि दस्ता येऊन आपटतो. मधल्या बोटावर: चापाची कडी लागतेय. दस्ता आखूड आहे किंवा मूठ सैल आहे.

आम्ही विकत नाही तोच पहिला उपाय

काडतुसं आमच्याकडे मिळत नाहीत. तरी सल्ला तिथूनच सुरू करतो, कारण एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट या उडत्या चकत्यांवरच्या स्पर्धांत २४ ग्रॅम छऱ्यांचं काडतूस चालतं. नवीन माणसाला त्याहून जड कशाला? वेग तोच ठेवून २८ वरून २४ ग्रॅमवर आलं, की धक्क्याची ऊर्जा जवळपास चौथाईने उतरते. ३६ ग्रॅमच्या मानाने ती निम्मीच राहते.

आजोबांच्या वेळची विलायती दुनाळी असेल तर कोठी, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा, ६५ मिलिमीटरची की ७० ची, हे आधी तपासून घ्या. काडतुसावर छापलेली लांबी उडाल्यानंतरची, म्हणजे तोंड उघडल्यावरची असते. त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या कोठीत आरामात बसतं आणि फसवतं. उडताना तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो, धक्काही वाढतो. हा प्रश्न फक्त खांद्याचा नाही, नळीचाही आहे.

"मुलीसाठी हलकी वीस बोअर घेतो" हाही नेहमीचा गैरसमज. २.६ किलोच्या वीस बोअरमधून २८ ग्रॅम छरे उडवले, तर ३.४ किलोच्या बारा बोअरमधल्या २४ ग्रॅमपेक्षा धक्का जवळपास पावणेदोनपट बसतो. बंदुकीचं वजन खांद्याच्या फायद्याचंच असतं. उचलवत असेल तेवढी जड चांगली.

आमचं काम कसं चालतं

पहिल्या भेटीत माप घेतो आणि काढता येणारे पातळ तुकडे लावून देतो. त्यावर रेंजवर पंचवीस बार करून या. मगच करवत चालते. "दोन फेऱ्या कशाला?" असं विचारलं जातं, उत्तर वर दिलंच आहे.

रबर जेवढं जाड, तेवढं लाकूड उतरवतो. जुन्या स्क्रूची भोकं नव्या पॅडला, म्हणजे या रबराला, जुळत नाहीत, म्हणून त्यांत लाकडी खुंट्या भरून नवी पाडतो. पॅडची वरची कड गुळगुळीत करतो, नाहीतर बंदूक उचलताना ती कपड्यात अडकते. कापण्याआधी दस्त्याचा पुढचा भागही तपासतो: तेल घालून नळी वर करून उभी ठेवलेल्या बंदुकीत तेल उतरून लाकूड मऊ पडतं आणि धक्क्याने चिरतं. तेल दिल्यावर एक दिवस नळी खाली ठेवा. रबराला मात्र तेल लावू नका.

वजन वाढवायचं असेल तर दस्त्याच्या पोकळीत शिसं बसवतो. ३.२ किलोत ३०० ग्रॅम घातले की धक्का आठ-नऊ टक्क्यांनी कमी होतो. पुढचा तोल त्यानुसार सांभाळावा लागतो. नळीला भोकं पाडणं, ती आखूड करणं ही कामं आम्ही घेत नाही.

कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही वापरा. दचकणं बरंचसं आवाजाचं असतं, आणि दचकणारा माणूस दस्ता सैल सोडतो. सुरुवातीला एका दिवशी पंचवीस बार पुरे. कोचना मधेमधे नकली काडतूस घालायला सांगा. बार न होताही नळी खाली झुकली तर दोष खांद्याचा नाही.

येताना

मूळ परवाना, रिकामी उघडलेली बंदूक पिशवीत, आणि प्रत्यक्ष नेमबाज. काडतुसं दुकानात आणू नका, फक्त डब्याचा फोटो दाखवा. बंदूक ठेवून घेतली तर रजिस्टरमध्ये नोंद करून पावती देतो. पॅडचं काम चार दिवसांचं, कोन बदलायचा असेल तर सहा. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात, तेव्हा काम अर्धवट अडकू नये म्हणून आचारसंहितेच्या आधीच या. माप घेण्याचे पैसे नाहीत.