रांगण्यात तरबेज, चालण्यात नवशिकं

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी नातवंडं घेऊन आलेल्या आजी-आजोबांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, "तुमचं रांगायला लागलं का?" उत्तर 'अजून नाही' असलं की त्या बाळाची आई कानकोंडी होते. वास्तविक तिनं घाबरण्याचं काही कारण नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांची वाढ नोंदवली आणि २००६ साली निष्कर्ष छापले. त्यात आधाराशिवाय बसणं साधारण चौथ्या ते नवव्या महिन्यात कधीही जमलेलं दिसलं, तर एकट्यानं चालणं आठव्यापासून पार साडेसतराव्या महिन्यापर्यंत. सुमारे ४ टक्के बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर लागते. अंतर्कर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोकं वळल्याचं सांगतो आणि शेजारच्या पिशव्यांमधले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे डोकं कुठे कललंय ते सांगतात. दुसरी खबर डोळ्यांची. तिसरी स्नायू, सांधे आणि तळपायांची. अंतर्कर्ण जन्मतःच बराचसा तयार असतो. या तिन्ही खबरींचा मेळ घालणं मात्र बाळाला शिकावं लागतं.

हा मेळ किती कच्चा असतो, हे डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवलं. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या मुलांना त्यांनी एका खोलीत ठेवलं. तिची जमीन स्थिर होती, पण भिंती आणि छत सरकवता येत होतं. समोरची भिंत जवळ येताच मुलं मागे झुकली, काही पडलीसुद्धा. आपण पुढे कलतोय असं डोळ्यांनी सांगितलं आणि शरीरानं ते खरं मानलं. मोठी माणसं अशा वेळी जेमतेम डुलतात.

मला सर्वांत विलक्षण वाटतात ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांचे उतारावरचे प्रयोग. बरेच आठवडे रांगलेलं बाळ तीव्र उतारापाशी थांबतं, हातानं चाचपतं, मागे फिरतं. तेच बाळ चालायला लागलं की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकतं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याला झेलावं लागतं. रांगण्यातलं शहाणपण चालताना कामी येत नाही, कारण आता डोळे उंचावर असतात, आधार फक्त दोन पावलांचा असतो आणि तोल सावरणारे स्नायूही वेगळे असतात. प्रत्येक नव्या स्थितीत आपल्या शरीराला काय झेपतं, हे बाळ पुन्हा पहिल्यापासून शिकतं. इतकंच काय, पहिली पावलं पडण्याच्या सुमारास त्याचं बसणंही काही काळ पुन्हा डगमगू लागतं.

त्यासाठी सराव लागतो, आणि तो अफाट असतो. अ‍ॅडॉल्फ यांच्याच गटाच्या २०१२ सालच्या मोजणीत १२ ते १९ महिन्यांची चालणारी मुलं मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती.

म्हणूनच बाळाला बसवून फिरवणारा चाकांचा वॉकर मला पटत नाही. त्यात वजन झोळी पेलते, पाय नुसते जमीन ढकलतात आणि तोल सावरायची वेळच येत नाही. अपघातांमुळे कॅनडानं २००४ साली त्यावर बंदीच घातली. आपल्या लाकडी पांगुळगाड्यामागे निदान बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं. अर्थात तिथेही कोणीतरी जवळ हवंच. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट कितीही लहान असो, टीपॉय आठ-दहा महिने भिंतीला लावला तरी पुरेशी जागा होते. गुळगुळीत टाइल्सवर मोजे नकोत, अनवाणी पायच बरे.

मात्र चार महिने झाले तरी मान धरत नसेल, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिन्यांनंतरही चालत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल किंवा आधी येत असलेली हालचाल बंद झाली असेल, तर शेजारपाजारचे सल्ले बाजूला ठेवून बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं.