ब्लू टिक, मालक आणि युद्धाची अफवा : एक पार्श्वभूमी

७ मे २०२५ च्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मेला संध्याकाळी शस्त्रसंधी झाली. मधल्या चार दिवसांत देशभरच्या मोबाईलवर काय काय फिरलं ते आठवून पाहा. गुजरातच्या हाजिरा बंदरावर हल्ला झाल्याचा व्हिडिओ आला. तो ७ जुलै २०२१ चा, तेलाच्या टँकरच्या स्फोटाचा निघाला. जालंधरवरच्या ड्रोनहल्ल्याचा म्हणून फिरलेला व्हिडिओ शेतातल्या आगीचा होता. ‘२० राज बटालियन’ची चौकी उडवल्याचा दावा झाला, या नावाची बटालियन भारतीय सैन्यात नाहीच. एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, हा निरोप तर गावोगाव पोचला. पत्र सूचना कार्यालयाच्या, म्हणजे पीआयबीच्या, फॅक्ट चेक विभागाला हे एकेक खोडून काढावं लागलं.

पुण्यात अशा निरोपांना जास्त धार येते. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ, कॅम्पात लष्कराचं दक्षिण मुख्यालय, पाषाणला डीआरडीओच्या प्रयोगशाळा, खडकवासल्याला एनडीए. ‘पुण्यावर हल्ला’ असं कोणी लिहिलं तर ते खरं वाटायला जागा असते. सोसायटीच्या ग्रुपवर असे निरोप बहुतेकदा एक्सवरच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या, पोस्टचे स्क्रीनशॉट म्हणून येतात, आणि त्या स्क्रीनशॉटवर, नावाच्या शेजारी, निळी टिक असते. ‘टिकवालं अकाउंट आहे, खोटं कसं असेल?’ हा प्रश्न मनापासून विचारला जातो. त्याचं उत्तर २०२२ नंतर बदललेलं आहे.

एक्सचे मालक इलॉन मस्क स्वतः काय लिहितात यावर चर्चा खूप होते. आमच्या मते त्याहून मोठा परिणाम त्यांनी बदललेल्या यंत्रणेचा आहे. ओळख, कमाई, देखरेख, माहितीची वाट हे बदल वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी झाले. युद्धात ते सगळे एकदम कामाला लागतात.

सुरुवात टिकपासून करू. पुण्याला तोतयांचा अनुभव जुना आहे. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला माणूस खरा की खोटा हे ठरवायला पेशवाईत चौकशी बसली आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झालं. ओळख पटवण्याचं काम कोणाला तरी अंगावर घ्यावं लागतं. ट्विटरने ते २००९ मध्ये घेतलं, तेही बेसबॉलचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी आपल्या नावाच्या बनावट खात्यावरून दावा लावल्यानंतर. टिकचा अर्थ एवढाच होता की हे खातं ज्याच्या नावाचं आहे त्याचंच आहे. ती कोणाला मिळते, कोणाला नाही, यावर नाराजी खूप होती आणि ती रास्तही होती. पण पत्रकार, अधिकारी, संस्था यांची ओळख कोणीतरी तपासलेली असे.

मस्क यांनी ४ एप्रिल २०२२ रोजी कंपनीतला ९.२ टक्के वाटा जाहीर केला, दहा दिवसांनी शेअरमागे ५४.२० डॉलरचा प्रस्ताव दिला आणि २७ ऑक्टोबरला ४४ अब्ज डॉलरचा व्यवहार पुरा केला. ९ नोव्हेंबरला महिना ८ डॉलरमध्ये टिक विकायला काढली. दुसऱ्याच दिवशी इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने कोणीतरी टिक विकत घेऊन ‘इन्शुलिन आता मोफत’ असं लिहिलं. विक्री थांबवावी लागली, १२ डिसेंबरला पुन्हा सुरू झाली. २० एप्रिल २०२३ रोजी जुन्या, तपासून दिलेल्या टिक काढून टाकल्या. भारतात मोबाईलवर ही वर्गणी महिना ९०० रुपये होती. जुलै २०२५ मध्ये ती ४७० वर आली. सरकारी खात्यांना राखाडी आणि संस्थांना सोनेरी टिक असते, हा फरक लक्षात ठेवावा. स्क्रीनशॉट पाहताना तोच पहिला उपयोगी पडतो.

टिकमागे ओळख उरली नाही, जोर मात्र आला. ३१ मार्च २०२३ रोजी कंपनीने शिफारशींच्या अल्गोरिदमचा, म्हणजे कोणाला कोणती पोस्ट दाखवायची हे ठरवणाऱ्या सूत्राचा, काही भाग उघड केला. त्यात वर्गणीदाराच्या पोस्टला अनुयायांच्या फीडमध्ये चौपट आणि अनोळखी लोकांच्या फीडमध्ये दुप्पट गुणक दिलेला दिसला. उत्तरांच्या यादीतही वर्गणीदार वर चढतात. म्हणजे एखाद्या बातमीखाली जाणकाराने लिहिलेला खुलासा, त्याने पैसे भरले नसतील तर, टिकवाल्यांच्या गर्दीखाली गाडला जातो.

जुलै २०२३ मध्ये या जोराला कमाई जोडली गेली. वर्गणी, किमान ५०० अनुयायी आणि तीन महिन्यांत दीड कोटी, ऑगस्टपासून ५० लाख, इंप्रेशन्स (म्हणजे पोस्ट लोकांच्या पडद्यावर दिसण्याच्या वेळा) असतील तर जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा मिळू लागला. ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम वर्गणीदारांच्या प्रतिसादावर ठरू लागली. डिसेंबर २०२२ पासून प्रत्येक पोस्टखाली व्ह्यूजचा आकडा दिसत होताच. तीन महिन्यांत ५० लाख हा आकडा शांततेच्या काळात कठीण आहे. युद्धाच्या पहिल्या रात्री एका स्फोटाच्या व्हिडिओवर तो गाठता येतो, आणि व्हिडिओ कोणत्या वर्षाचा, कोणत्या देशाचा हे हिशेबात कुठेच येत नाही. आम्हाला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत घातक जोडणी वाटते. पूर्वी अफवा पसरवणाऱ्याला राग, निष्ठा किंवा कोणाचा तरी पगार हवा असे. आता नुसता मोबाईल आणि वर्गणी पुरते.

देखरेख करणारे हात त्याआधीच कमी झाले होते. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सुमारे ७,५०० पैकी निम्मे कर्मचारी काढले गेले. १२ डिसेंबरला बाहेरच्या तज्ज्ञांची सल्लागार परिषद बरखास्त झाली. युद्धकाळातल्या खोट्या माहितीसाठी ट्विटरने मे २०२२ मध्ये, युक्रेन डोळ्यांसमोर ठेवून, खास धोरण आणलं होतं: खोट्या पोस्टवर इशारा लावायचा आणि तिला पुढे ढकलायचं नाही. ते मुरण्याआधीच राबवणारी माणसं गेली. एप्रिल २०२३ मध्ये ‘सरकारशी संलग्न माध्यम’ ही पाटीही उतरली. रशिया आणि चीनच्या सरकारी वाहिन्या त्यानंतर इतर बातम्यांसारख्याच दिसू लागल्या.

या बदललेल्या यंत्रणेची पहिली मोठी कसोटी ७ ऑक्टोबर २०२३ ला, हमासच्या हल्ल्यानंतर लागली. दुसऱ्या दिवशी मस्क यांनी युद्धाच्या ताज्या घडामोडींसाठी दोन खाती सुचवली. मे महिन्यात पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं बनावट चित्र ज्या खात्यांनी पसरवलं, त्यांत ही दोन्ही होती. शिफारस मागे घेतली गेली, पण तोवर ती लाखो लोकांसमोर गेली होती. न्यूजगार्ड या संस्थेने पहिल्या आठवड्यातल्या सर्वाधिक गाजलेल्या २५० खोट्या किंवा निराधार पोस्ट तपासल्या. त्यातल्या १८६, म्हणजे ७४ टक्के, टिकवाल्या खात्यांच्या होत्या. त्याच दिवसांत आर्मा ३ या व्हिडिओ गेममधली दृश्यं गाझाची म्हणून फिरली. पुढे भारत-पाकिस्तान संघर्षातही गेमची दृश्यं आली.

आर्मा बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्येच ओळखण्याच्या खुणा दिल्या होत्या. चित्र फार अस्पष्ट असतं, कॅमेरा हलतो, प्रसंग बहुधा रात्रीचा, आवाज नसतो, हालचाल करणारी माणसं दिसत नाहीत. धूर आणि ठिणग्या अनैसर्गिक वाटतात. कधी पडद्याच्या कडेला गेमचे आकडे राहून जातात. या खुणा पाठ कराव्यात. फसवणारा मुद्दाम चित्र बिघडवतो, कारण स्वच्छ चित्रात गेम लगेच ओळखू येतो.

मस्क यांच्या बाजूने सांगितलं जाणारं उत्तर म्हणजे कम्युनिटी नोट्स, पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच लिहिलेल्या खुलाशाच्या टिपा. ही कल्पना त्यांच्या आधीची, जानेवारी २०२१ मध्ये ‘बर्डवॉच’ नावाने सुरू झालेली, आणि ती चांगली आहे. नोट नुसत्या बहुमताने दिसत नाही. एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी तिला उपयुक्त म्हणावं लागतं. तसा गुण ०.४० च्या वर गेला की ती सगळ्यांना दिसते. नवख्याने आधी इतरांच्या नोटांना मतं द्यायची, त्यातून किमान ५ गुण मिळवायचे, मग लिहायचं. भारतातले लोक यात एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, घेतले गेले.

युद्धात ही पद्धत नेमकी जिथे अडते ती जागा म्हणजे मतैक्य. दोन देशांचे लोक गोळीबार चालू असताना एका नोटेवर सहमत व्हायला वेळ लागतो, कधी होतच नाहीत, आणि अफवेचं आयुष्य पहिल्या काही तासांचंच असतं. एकाच चित्राच्या सगळ्या प्रतींना नोट आपोआप लागावी अशी सोय २०२३ मध्ये झाली, पण व्हिडिओ कापला, उलटा केला, वर मराठी मजकूर चिकटवला की जुळणी चुकते. आणि नोट स्क्रीनशॉटबरोबर येत नाही. व्हॉट्सॲपवर पोचते ती नोट लागण्याआधीची पोस्ट. नोट लागलेल्या पोस्टला कमाई मिळणार नाही असं मस्क यांनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जाहीर केलं. नियम योग्य आहे, मात्र नोट लागलीच नाही तर तो लागूच होत नाही.

मालकाच्या स्वतःच्या खात्याचं वजन वेगळं मोजावं लागतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या पोस्टना हजारपट गुणक देण्यासाठी अभियंत्यांना रातोरात बसवल्याचं वृत्त आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे अनुयायी २० कोटींच्या पुढे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची लोकप्रियता ४ टक्क्यांवर आल्याचं ट्रम्प म्हणाले. कीव्ह इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशियॉलॉजीच्या पाहणीत झेलेन्स्कींवर ५७ टक्क्यांचा विश्वास होता, आणि नोट्सनीही तेच दाखवलं. त्यावर मस्क यांनी लिहिलं की सरकारं आणि जुनी माध्यमं नोट्सचा गैरवापर करत आहेत, ते दुरुस्त करू. ज्या यंत्रणेचा आधार एरवी दिला जातो, तिचा निकाल मालकाच्या मताविरुद्ध गेला तेव्हा हे घडलं. शिवाय हेच गृहस्थ युक्रेनच्या आघाडीला स्टारलिंक या आपल्या कंपनीचं उपग्रहांवरचं इंटरनेट पुरवतात. सप्टेंबर २०२२ मध्ये क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती त्यांनी नाकारली होती. जोडणीही त्यांची, चावडीही त्यांची. स्टारलिंकला २०२५ मध्ये भारतातही परवाने मिळाले, म्हणून हा तपशील आपल्यासाठी दूरचा नाही.

मार्च २०२५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. पोस्टखाली ग्रोक या एआय चॅटबॉटला टॅग करून प्रश्न विचारता येऊ लागला, आणि महिनाअखेरीस एक्स ही कंपनी ग्रोक बनवणाऱ्या, मस्क यांच्याच एक्सएआयमध्ये सामील झाली. दोनच महिन्यांत युद्ध आलं. ‘हे खरं आहे का?’ असं हजारो लोक ग्रोकला विचारू लागले. त्याने सुदानच्या खार्टूम विमानतळाचा जुना व्हिडिओ पाकिस्तानच्या नूर खान तळावरचा क्षेपणास्त्रहल्ला म्हणून ओळखला. त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, इराणने तेल अवीववर क्षेपणास्त्रं डागल्याचा खोटा मथळा ग्रोकने स्वतःच तयार केला होता. कारण गूढ नाही: ग्रोक एक्सवरच्या ताज्या पोस्ट वाचतो, आणि पहिल्या तासांत तिथे अफवाच जास्त असते. अफवेचीच साक्ष घेऊन तो अफवा खरी ठरवतो.

हे सगळं बाहेरून तपासणंही अवघड झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये संशोधकांची मोफत एपीआय, म्हणजे पोस्टची माहिती एकगठ्ठा मिळवण्याची सोय, बंद करण्याची घोषणा झाली; मोठ्या प्रमाणावर माहिती हवी तर महिन्याला हजारो डॉलर. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ मध्ये चौकशी सुरू केली आणि ५ डिसेंबर २०२५ रोजी १२ कोटी युरोंचा दंड केला. कारणं तीन: फसवी निळी टिक, जाहिरातींची अपुरी नोंद आणि संशोधकांना माहिती न देणं.

भारताने वेगळी वाट धरली. मे २०२५ मध्ये ८,००० हून अधिक खाती रोखण्याचे आदेश आले, असं एक्सने सांगितलं. कोणत्या पोस्टमुळे, हे बहुतेक वेळा कळवलं नाही, अशीही तक्रार केली. मजकूर काढण्याचे सरकारी आदेश ज्यावरून पाठवले जातात त्या सहयोग पोर्टलविरुद्धची एक्सची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. खाती रोखल्याने अफवा थांबली असं मात्र म्हणता येत नाही. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी आपल्याच टीव्ही वाहिन्यांनी दाखवली.

स्क्रीनशॉट हातात आला तर आधी मूळ पोस्ट शोधा. मजकुरातली एक ओळ जशीच्या तशी एक्सच्या शोधात टाका. सापडली नाही तर स्क्रीनशॉटच बनावट असू शकतो. व्हिडिओ असेल तर जिथे पाटी, मिनार, डोंगराची रेघ किंवा नंबरप्लेट दिसते तिथे थांबवून फ्रेम घ्या, वर चिकटवलेला मजकूर आणि लोगो कापा, गूगल लेन्स या चित्रशोधाला द्या. जमलं नाही तर फ्रेम आरशासारखी उलटी करून यांडेक्स या रशियन शोधयंत्रावर टाका. नव्या प्रतीच आधी दिसतात, म्हणून गूगलमध्ये घटनेआधीची तारीख घालून जुने निकाल काढा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलची तारीख पाहू नका. मूळ नोंदी वाटेत पुसल्या जातात. नोव्हेंबर २०२५ पासून एक्सवर खात्याचा देश आणि नाव किती वेळा बदललं हे दिसतं, पण ठिकाण लपवणारं व्हीपीएन वापरलं असेल तर देश चुकतो. नावबदल जास्त भरवशाचे. केंद्र सरकारशी संबंधित दावा असेल तर पीआयबीच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सॲप क्रमांकावर पाठवा. सरकार स्वतःच एक पक्ष असेल तेव्हा बूम, ऑल्ट न्यूज अशा स्वतंत्र तपासनिसांचं काम सोबत पाहा, आणि पुण्यापुरता दावा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि पुणे पोलिसांची खाती स्वतः उघडून बघा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नाही.