कर्नाटकी कशिदा

उत्तर कर्नाटकातील धारवाड, हुबळी, बेळगाव, विजापूर व बागलकोट या भागांत रूढ असलेले, कापडाचे धागे मोजून करावयाचे भरतकाम. कन्नडमध्ये यास ‘कसूती’ म्हणतात. इरकली लुगडी, खणाच्या चोळ्या व लहान मुलांच्या कुंच्या यांवर ते पूर्वापार केले जाते. वधूला द्यावयाच्या काळ्या चंद्रकळेवरील कशिदा विशेष भरगच्च असे.

या कलेचा उगम बदामीच्या चालुक्यांच्या काळापर्यंत (सु. ६ वे ते ८ वे शतक) मागे नेण्याची प्रथा आहे. गोपुरे, नंदी, हत्ती इ. आकृतिबंधांचे मंदिरशिल्पाशी असलेले साम्य हा त्याचा मुख्य आधार. तथापि मंदिरे आजही लोकांच्या डोळ्यांसमोर उभी असल्यामुळे केवळ साम्यावरून काळ ठरविणे धोक्याचे आहे. हे आकृतिबंध नंतरच्या कोणत्याही शतकात उचलले गेले असणे शक्य आहे. दुसरा वाद यूरोपीय साम्याचा. हान्स होल्बाइन (धाकटा, मृत्यू १५४३) या जर्मन चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांतील कपड्यांच्या गळ्यांवर व बाह्यांवर दिसणारा, पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेलेला टाका आणि कशिद्यातील गवंती (दुहेरी धावदोऱ्याचा) टाका रचनेने एकच आहेत. त्यावरून देवाणघेवाणीचा तर्क केला जातो. परंतु साध्या विणीच्या कापडावर धागे मोजून धावदोरा घालू लागले, की परतीच्या फेरीत रिकाम्या जागा भरण्याची युक्ती सहज सुचणारी आहे. त्यामुळे दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे निर्माण झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कशिद्याचे टाके चार : गवंती, मुर्गी, नेगी व मेंथी. यांपैकी गवंती हा या कलेचा प्राण होय. जाताना समान धागे सोडून धावदोरा घालतात व त्याच वाटेने परतताना सुटलेल्या जागा भरतात. परिणामी रेषा अखंड होते आणि कापडाची सुलट व उलट बाजू सारखीच दिसते. दोऱ्याला गाठ मारीत नाहीत. टोके टाक्यांतच दडवितात. आडवे, उभे व तिरपे टाकेच शक्य असल्याने वक्र रेषा येत नाही. मुख्य रेषेला फाटे फुटतात तेथे खरे कौशल्य लागते. फाट्यावर जाऊन मूळ जागी परतावे लागते, म्हणजे त्यातील टाक्यांच्या दुप्पट फेरे होतात. ही संख्या नेहमी सम असल्याने सुईचा वर-खाली क्रम बिघडत नाही. मात्र एखादा फाटा विसरला किंवा एक धागा जास्त मोजला गेला, तर चूक पुढे सरकत जाते आणि आकृती जुळत नाही. मुर्गी हा पायऱ्यांसारखा नागमोडी जाणारा टाका असून तोही दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. नेगीत लांब-आखूड धावदोऱ्यांच्या ओळी घालून विणकामाचा भास निर्माण करतात, तर मेंथी हा फुलीचा टाका जागा भरण्यासाठी वापरतात. या दोहोंत उलट बाजू वेगळी दिसते.

कापडावर आकृती छापत वा रेखाटत नाहीत. पोत फार बारीक असल्यास वर जाळीदार कापड टाचून त्यावर मोजणी करतात व काम संपल्यावर त्याचे धागे ओढून काढतात.

रथ, पालखी, अंबारीचा हत्ती, मोर, राघू, शंख, तुळशीवृंदावन, पाळणा ही नेहमीची चित्रे. पदराजवळ ती मोठी असतात व लुगड्याच्या अंगाकडे जाताना लहान होत जातात. काळ्या किंवा गडद निळ्या जमिनीवर तांबडा, नारिंगी, हिरवा, जांभळा व पांढरा रेशमी दोरा उठून दिसतो.

कसूतीस भौगोलिक निर्देशनाचे (विशिष्ट प्रदेशाशी निगडित उत्पादनाच्या नावाचे) कायदेशीर संरक्षण असून त्याची नोंद कर्नाटक राज्याच्या हस्तकला विकास महामंडळाच्या नावे आहे. आता ओढण्या, कुर्ते, उशांचे अभ्रे यांवरही हे काम होते. यंत्रावरील नक्कल पुष्कळ आढळते. तीत उलट बाजूस बॉबिनचा निराळा दोरा दिसतो, त्यामुळे पारख करताना आधी कापड उलटे करून पाहतात.