कोशिकामृत्यू

इजा, प्राणवायूचा तुटवडा, विषद्रव्ये, जंतुसंसर्ग किंवा शरीराची स्वतःची गरज यांमुळे कोशिकेचे (पेशीचे) जीवनव्यापार कायमचे थांबणे. सौम्य इजेत कोशिका सुजते व कारण दूर होताच पूर्ववत होते. ताण टिकून राहिल्यास ती जुळवून घेते. उच्च रक्तदाबात हृदयस्नायू जाड होतो, प्लॅस्टरमधील पायाचे स्नायू रोडावतात. रक्तपुरवठा तुटलेल्या हृदयकोशिकांचे आकुंचन मिनिटभरात थांबते. तरी साधारणतः २०–३० मिनिटांत तो पूर्ववत झाल्यास त्या वाचू शकतात.

मृत्यूचे दोन प्रमुख प्रकार मानतात. ऊतकमृत्यूत (नेक्रोसिस) कोशिका फुगते, पटल फाटते आणि आतील द्रव्ये सांडून भोवती शोथ (दाहयुक्त सूज) उद्‌भवतो. ॲपोप्टोसिस या नियोजित मृत्यूत ती आक्रसते, तिचे पटलबद्ध तुकडे होतात व भक्षिकोशिका ते गिळतात. शोथ सहसा होत नाही.

ॲपोप्टोसिसच्या शोधाचे श्रेय बहुधा केर, वायली व करी या संशोधकांच्या १९७२ मधील निबंधाला दिले जाते. तथापि कार्ल फोग्ट यांनी १८४२ मध्येच भेकाच्या विकासात पृष्ठरज्जूच्या कोशिका नाहीशा होताना नोंदविल्या होत्या. वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८५ मध्ये अंडाशयातील पुटकांत केंद्रकाचे तुकडे होत असल्याचे वर्णन केले. ते आजच्या वर्णनाशी बरेच जुळते. फोग्ट यांना या घटनेचे व्यापक महत्त्व जाणवले होते असे मानण्यास आधार अपुरा वाटतो. रेशमी पतंगांच्या स्नायूंवरील संशोधनातून लॉकशिन व विल्यम्स यांनी १९६४ च्या सुमारास ‘नियोजित कोशिकामृत्यू’ ही कल्पना मांडली. केर यांनीही उंदरांच्या यकृतातील आक्रसणाऱ्या कोशिका १९६५ मध्येच वर्णिल्या होत्या. त्यामुळे १९७२ हे शोधाचे नव्हे, तर संकल्पना रूढ होण्याचे वर्ष मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

यंत्रणेचा उलगडा प्रामुख्याने ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या सूत्रकृमीमुळे झाला. त्याच्या उभयलिंगी कृमीत निर्माण होणाऱ्या १,०९० कायिक (प्रजननकोशिका सोडून इतर) कोशिकांपैकी नेमक्या १३१ मरतात. त्यासाठी आवश्यक जनुके हॉर्विट्झ यांनी शोधली. त्यांना ब्रेनर व सल्स्टन यांच्यासह २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सस्तन प्राण्यांत तंतुकणिकांतून (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या घटकांतून) बाहेर पडणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन कॅस्पेज या प्रथिने तोडणाऱ्या एंझाइमांची साखळी सुरू करते. बीसीएल-२ प्रथिन ही गळती रोखते. हेच प्रथिन निष्प्रभ करणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून अमेरिकेत दीर्घकालीन लसीकाकोशिकी रक्तकर्करोगावर वापरात आहे.

फुगून फुटणाऱ्या कोशिकांचा मृत्यूही काही वेळा जनुकनियंत्रित असतो, हे नेक्रोप्टोसिस या अशा नियंत्रित ऊतकमृत्यूच्या अभ्यासातून २००५ नंतर स्पष्ट होत गेले. वरील द्विभाजन त्यामुळे आता स्थूलमानानेच घ्यावे.