व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन आणि अ‍ॅस्पिरेशनचा धोका

श्वासनळीत ट्यूब असली की पेशंटला खोकून बेडका बाहेर टाकता येत नाही, म्हणून ट्यूबमधून बारीक कॅथेटर घालून मशिनने तो ओढून काढतात, हे सक्शन. तोंडातली लाळ, पोटातलं फीड किंवा उलटी श्वासनळीत उतरली तर ते अ‍ॅस्पिरेशन. सक्शन वेळच्या वेळी चालू आहे म्हणजे अ‍ॅस्पिरेशनची काळजी मिटली असं नातेवाईकच काय, नवे इंटर्नसुद्धा धरून चालतात, पण ट्यूबभोवती श्वासनळी बंद करणारा एक फुगा (कफ, cuff) असतो, कॅथेटर काढतं ते त्या फुग्याच्या खालचं आणि घाण साठते ती फुग्याच्या वर.

सोलापूरच्या आयसीयूंत अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्यापासून पार इंडी-विजापूरपर्यंतचे पेशंट येतात. शेतातलं औषध प्यायलेले आणि मण्यार चावलेले पेशंट या विषयात खास महत्त्वाचे. ऑर्गनोफॉस्फरस या कीटकनाशकाच्या विषात तोंड आणि फुफ्फुस दोन्हीकडून पाणी सुटतं, तिथे अ‍ॅट्रोपिन (हे पाणी सुकवणारं औषध) पुरेसं पोचलं नसेल तर नुसतं सक्शन करून उपयोग नाही, आणि मण्यारीच्या विषात गिळण्याचे स्नायूच ढिले पडतात, मग लाळ घशात तशीच साचत राहते.

फुग्याचा जन्म नक्की कधीचा यावर एकमत नाही. गळ्याला छेद देऊन घालायच्या नळीला फुगा लावण्याचं श्रेय बहुतेक जण जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्गला देतात, साल १८७० च्या आगेमागे. तोंडातून घालायच्या ट्यूबचा फुगा मात्र ग्वेडेल आणि वॉटर्स या भूलतज्ज्ञांच्या १९२८ च्या लेखापासून धरणं जास्त बरोबर वाटतं. पोटातला अ‍ॅसिडचा माल फुफ्फुसात गेला तर काय होतं हे मेंडेल्सनने १९४६ मध्ये बाळंतिणींच्या भुलीसंदर्भात लिहिलं. कोपनहेगनच्या १९५२ च्या पोलिओ साथीत भूलतज्ज्ञ इब्सेनने गळ्यातून नळी घालून, कफ ओढून, हाताने पिशवी दाबून पेशंट जगवले आणि आजच्या आयसीयूची सुरुवात साधारण तिथून मानतात.

आजचे फुगे मोठे आणि कमी दाबाचे असतात, त्याने श्वासनळीला इजा कमी होते, पण फुगवल्यावर त्यांना बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांमधून वरची लाळ थेंबाथेंबाने खाली झिरपते. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा ठेवायचा आणि तो मीटरनेच बघायचा, ट्यूबच्या बाहेरच्या टोकाचा, आतल्या फुग्याला जोडलेला छोटा फुगा चिमटीत दाबून "ठीक आहे" म्हणणं भरवशाचं नाही. आता गंमत अशी की सक्शनसाठी व्हेंटिलेटरची नळी काढली की छातीतला पीप (PEEP, श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात टिकणारा दाब) जातो, खालून वर ढकलणारा दाब संपतो आणि नेमक्या त्याच वेळी झिरपणं वाढतं, वर कॅथेटरची ओढ असतेच. म्हणून आधी तोंड आणि घसा साफ करायचा (तिथलं कॅथेटर परत ट्यूबमध्ये घालायचं नाही), आणि जिथे फुग्याच्या वर साचलेलं ओढायला वेगळं छिद्र असलेली ट्यूब मिळते तिथे तिचा फायदा आहे. बंद सक्शनमध्ये (व्हेंटिलेटरची नळी न काढता केलेल्या) पीप बराच टिकतो, तरी त्याने न्यूमोनिया कमी होतो असं ठामपणे दिसलेलं नाही.

कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. वॉर्डात रंगावरून मागतात, काळी १० नंबर (फ्रेंच मापात, ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर), पांढरी १२, हिरवी १४. साडेसात मिलिमीटरच्या ट्यूबला हिशेबाने काळीच बसते, पण कफ घट्ट आहे म्हणून हिरवी घालायचा मोह सगळीकडे होतो आणि मग फुफ्फुसातली हवाच ओढली जाऊन ऑक्सिजन पडतो. आधी शंभर टक्के ऑक्सिजन, एका वेळी १५ सेकंदांच्या आत, मशिनच्या ओढीचा दाब साधारण ८० ते १२० मिलिमीटर पारा, आणि सक्शन ठरावीक वेळ झाली म्हणून करायचं नाही, खरखर ऐकू आली, स्क्रीनवरची लाट करवतीसारखी दिसली, व्हेंटिलेटरचा दाब चढला तरच.

सक्शनआधी ट्यूबमध्ये सलाइन सोडावं का, हा जुना वाद. ब्राझीलमधल्या २००९ च्या अभ्यासात सलाइनच्या गटात न्यूमोनिया कमी निघाला, उलट बाजूचे म्हणतात ऑक्सिजन पडतो आणि जंतू आणखी खाली ढकलले जातात. सध्याचा कल रोजच्या रोज न सोडण्याकडे आहे आणि तो पटण्यासारखा आहे, कारण कफ वाळतो तो बहुतेकदा ह्युमिडिफायरकडे (श्वासाची हवा ओलसर ठेवणाऱ्या उपकरणाकडे) लक्ष नसल्याने.

डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवायचा आधार म्हणजे बार्सिलोनाचा १९९९ चा अभ्यास, पेशंट फक्त ८६. पुढे २००६ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं की ४५ ठरवलं तरी पेशंट प्रत्यक्षात सरासरी ३० च्या खालीच असतात. वॉर्डातले मदतनीस मामा-मावशी कूस बदलायला, पाठ पुसायला बेड सपाट करतात तेव्हा फीड आधी बंद करावं. तोंड ब्रशने साफ करणं चांगलं, क्लोरहेक्सिडिनचा (जंतुनाशकाचा) आग्रह आता मागे पडलाय.

भेटीच्या वेळी तोंडात तीर्थ घालायची विनंती होते, कधी मराठीत, कधी कन्नड-तेलुगूत. अंगारा कपाळाला चालतो, तोंडात थेंबही नको.

गळ्यातली नळी घेऊन घरी जाणाऱ्यांच्या नातेवाइकांना पोर्टेबल मशिन वापरायला डिस्चार्जआधी शिकवतात, लाइट गेली तर पायाने चालणारं सक्शन लागतं. लहान मुलांचे दाब आणि कॅथेटरचे नंबर वेगळे.